ब्रेक मारला की खट्ट वाजतं? पॅड बदलायच्या आधी हे करा

ब्रेक लावताना चाकाकडून खट्ट किंवा ठक असा आवाज यायला लागला की दहापैकी नऊ जण एकच सांगतात, ब्रेकचे पॅड बदलून टाक. अर्धेअधिक शिल्लक असलेले चांगले पॅड काढून टाकले, नवीन टाकले, पैसे गेले आणि आवाज जिथल्या तिथे, असं इतक्या लोकांचं झालेलं बघितलंय की हा सल्ला ऐकला तरी डोकं फिरतं. पॅड संपत आले की ते चिं-चिं ओरडतात, अगदीच संपले की लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर येते. खट्ट हा घासण्याचा आवाज नाहीच, तो आपटण्याचा आवाज आहे. कुठेतरी प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय, ब्रेक लागला की एक पार्ट सरकतो आणि दुसऱ्यावर आदळतो. तो प्ले कुठे आहे ते शोधायचं, एवढंच काम आहे.

खालचं सगळं आपल्याकडच्या नेहमीच्या छोट्या गाडीसाठी, म्हणजे पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला कॅलिपर दोन पॅडमध्ये चिमटीसारखा दाबतो) आणि मागे ड्रम (फिरणारा डबा, त्याला आतून लायनर दाबतात). आणि एक गोष्ट आधीच: पेडल खोल जात असेल, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा चाकाच्या आतून ब्रेक ऑइल गळत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी टो करून गॅरेजला न्या. चालवत नेऊ नका.

सगळ्यात आधी चारही चाकांचे नट पान्याने घट्ट आहेत का बघा. पंक्चर काढल्यानंतर सुरू झालेला आवाज बऱ्याचदा इथेच संपतो.

आता गाडी मोकळ्या जागेत न्या, काचा खाली, म्युझिक बंद, शेजारी कोणालातरी बसवा. शक्यतो एखाद्या भिंतीच्या कडेने चालवा म्हणजे आवाज परत येऊन नीट ऐकू येतो. दहा-पंधराच्या स्पीडला पुढे जाऊन ब्रेक मारा, मग रिव्हर्स घेऊन ब्रेक मारा, मग परत पुढे. दिशा बदलल्यावर पहिल्याच ब्रेकला एकदा खट्ट झालं आणि नंतर त्याच दिशेत तीन-चारदा ब्रेक मारूनही वाजलं नाही, तर पॅड ब्रॅकेटमध्ये, म्हणजे ते ज्या लोखंडी चौकटीत बसतात तिच्यात, सरकतायत. अगदी हलकी टक बऱ्याच गाड्यांत असतेच, ती सोडून द्या, पण पायाला जाणवेल इतका आवाज असेल तर पॅड धरून ठेवणाऱ्या क्लिप गेल्यात. खड्ड्यातून किंवा स्पीडब्रेकरवरून जाताना खडखड येते आणि पेडलवर नुसता पाय टेकवला की गप्प होते, तरी रोख पॅड, क्लिप आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांकडेच. पण प्रत्येक जोराच्या ब्रेकला एकदा धप्प आणि ब्रेक सोडताना परत एकदा धप्प येत असेल तर ते ब्रेकचं दुखणं नाही, लोअर आर्मचा (चाकाला गाडीशी जोडणारा सस्पेन्शनचा खालचा दांडा) रबरी बुश किंवा बॉल जॉइंट बघायचा. मागून वाटत असेल तर रिकाम्या जागेत अगदी हळू चालवत हँडब्रेक थोडासा ओढा, त्यावर वाजलं तर ड्रम उघडावा लागेल. आणि गाडी चालू करून निघाल्यावर पहिल्या काही मीटरमध्ये एकदाच बॉनेटखाली टक किंवा घर्र झालं तर तो बऱ्याच गाड्यांत एबीएस (जोराच्या ब्रेकला चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) स्वतःला तपासतो तो आवाज, त्याच्या मागे लागू नका.

पावसाळ्यात, खासकरून कोकणात, रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवलेली गाडी सकाळी हलवताना मागून ठाक असा आवाज येतो. लायनर गंजाने ड्रमला चिकटलेला असतो तो सुटल्याचा आवाज. सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढू नका. विषय संपला.

आता पुढचं चाक काढायचं. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड, जॅकवर उचलून खाली स्टँड. नुसत्या जॅकवर काम करू नका, यावर माझ्याशी वाद घालू नका. चाक काढलं की कॅलिपर हाताने धरून जोरात हलवा. कॅलिपर ब्रॅकेटसकट हलत असेल तर मागचे ब्रॅकेटचे मोठे बोल्ट ढिले आहेत, आणि हे धोक्याचं आहे, लगेच घट्ट करा. ते घट्ट असतील तर खालचा पिन बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवा, किंवा दोन्ही काढून कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लटकवू नका.

आता खरं काम, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात.

पॅडच्या दोन्ही टोकांना कान असतात, ते ब्रॅकेटच्या खाचेत बसतात, आणि खाच आणि कान यांच्यामध्ये स्टीलची पातळ स्प्रिंगसारखी क्लिप असते. पॅड पुढेमागे सहज सरकायला हवा पण वर-खाली हलायला नको, हे दोन्ही ती क्लिप सांभाळते. पॅड बदलताना जुनी क्लिप तशीच ठेवतात, कधी वाकलेली, कधी एक पाकळी तुटलेली, कधी चक्क फेकून दिलेली. क्लिपचा सेट पॅडच्या मानाने अगदी स्वस्त मिळतो, म्हणून माझा नियम आहे की ब्रॅकेट उघडला की क्लिप नवीन. जुन्या वाकवून, चिमटीत दाबून बसवू नका, काही दिवसांत परत ढिल्या होतात.

पण नवीन क्लिप टाकायच्या आधी खाली काय आहे ते बघा. क्लिप काढली की खाचेत गंजाचे थर दिसतील, पाऊस आणि समुद्राची हवा खाल्लेल्या गाडीत तर जाड पापुद्रे. हा गंज फुगतो आणि क्लिपला आतून वर ढकलतो, मग जागा कमी होते आणि नवीन पॅड बसतच नाही. अशा वेळी गॅरेजमध्ये पॅडचे कान ग्राइंडरवर घासून बसवलेले मी कितीतरी गाड्यांत बघितलेत, आणि खट्ट आवाजाचं मूळ बऱ्याचदा हेच असतं. त्या दिवशी पॅड बसतो, पुढे खाचेतला गंज सुटून पडतो किंवा कोणीतरी साफ करतो, आणि घासून लहान केलेला कान मोकळ्या खाचेत आपटत राहतो. पॅडचे कान कधीही घासू नका. घासायचा तो ब्रॅकेटवरचा गंज. वायर ब्रश, मग चपटी कानस, चकचकीत लोखंड दिसलं की थांबायचं, लोखंड खायचं नाही. धूळ फुंकू नका आणि एअर गनने उडवू नका, ब्रेकची धूळ छातीत जाणं वाईट, ब्रेक क्लीनर मारून पुसा आणि तोंडाला मास्क लावा.

मग नवीन क्लिप दाबून बसवा आणि पॅड घालून बघा. बोटाने ढकलला की सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर गंज राहिलाय. ब्रॅकेट हलवल्यावर पॅड खुळखुळत असेल तर क्लिप चुकीची आहे किंवा पॅड घासलेले आहेत, मग मात्र पॅड बदला, दोन्ही बाजूंचे एकदम.

आता पिना. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या रबरी बूटमधून बाहेर ओढा. कुठली पिन वर होती आणि कुठली खाली, त्याचा काढायच्या आधी फोटो घ्या, कारण बऱ्याच गाड्यांत एका पिनेच्या टोकाला रबराची बाही असते किंवा तिचा आकार वेगळा असतो, आणि अदलाबदल झाली की कॅलिपर एकतर अडकतो नाहीतर खडखडतो. जुनं ग्रीस पूर्ण पुसा, पिन परत भोकात घालून आडवी हलवा. थोडासा प्ले ठीक आहे, स्पष्ट डुगडुगत असेल तर नवीन पिन टाकून बघा, तरी डुगडुगली तर भोक मोठं झालंय, ब्रॅकेट बदलावा लागेल.

ग्रीसबद्दल माझं मत पक्कं आहे. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच वापरा. बेअरिंगचं साधं ग्रीस, इंजिन ऑइल, डब्यात राहिलेलं काहीतरी, यातलं काही नको, कारण पेट्रोलियमवालं ग्रीस त्या रबराला फुगवतं आणि काही महिन्यांत पिन जाम होते. आणि थर पातळ हवा. भोक भरून ग्रीस कोंबलं तर पिन आत पूर्ण जात नाही, दाबल्यावर परत बाहेर येते. फाटलेला बूट दिसला तर तो बदलल्याशिवाय बाकी सगळ्याला अर्थ नाही, पाणी आत जाणारच.

मागच्या ड्रममध्ये बघायचं ते थोडकं: तुटलेली किंवा ताणलेली स्प्रिंग, आणि मागच्या प्लेटवर लायनर जिथे टेकतो तिथे पडलेले खड्डे. ड्रम लेथवर मारून (आतून कातून) आणल्यावर दर फेऱ्याला खट्ट-खट्ट सुरू झालं तर ड्रमच्या आत आट्यासारख्या रेघा राहिल्यात, लायनर त्यावर बाहेर चढतो आणि परत आपटतो. परत बारीक मारून घ्या. लोअर आर्मचा बुश मात्र गॅरेजमध्येच प्रेसवर बदलून घ्या, घरी हातोडीने ठोकू नका.

सगळं परत जोडताना कॅलिपरमधला, पॅडला दाबणारा पिस्टन मागे ढकलला असेल तर ब्रेक ऑइलची टाकी वरून सांडत नाही ना बघा, ते रंग खातं. बोल्ट टॉर्क रेंचने, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला. पिन बोल्ट बऱ्याच छोट्या गाड्यांत 25 ते 35 न्यूटन मीटरच्या आसपास असतात, ते बारीक असतात म्हणून अंगाच्या जोराने आवळून तोडू नका. ब्रॅकेटचे बोल्ट बरेच जास्त घट्ट लागतात.

चाक लावून गाडी खाली घेतली की इंजिन चालू करून, गाडी न हलवता, पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागणार नाही. मग त्याच मोकळ्या जागेत पुढे-रिव्हर्स-पुढे परत करून ऐका, आणि 50-100 किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा तपासून घ्या.