खऱ्या खुनाच्या तपासावर मालिका लिहायला बसण्याआधी

शिवाजीनगर कोर्टात मी फौजदारी खटले चालवते. कोर्ट सुटल्यावर माझ्याकडे अधूनमधून लिहिणारी मुलं येतात. कॉलेजात एकांकिका केलेल्या असतात, आता वेबसीरिज करायची असते. पुण्यातली असल्यामुळे बहुतेकांच्या फाइलीत जोशी-अभ्यंकर खून खटल्याची, म्हणजे १९७६-७७ मध्ये पुण्यात एकाच टोळीने केलेल्या खुनांच्या खटल्याची, कात्रणं असतात. "ताई, सुरुवात कुठून करू?" असं विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: कात्रणं बाजूला ठेवा आणि निकालपत्र वाचा.

उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे बरेच निकाल नेटवर फुकट मिळतात. सत्र न्यायालयाचा निकाल हवा असेल तर नकलेसाठी अर्ज करा. खटल्याशी तुमचा संबंध नसेल तर कारण लिहावं लागतं, परवानगी लागते. वेळ जाईल, जाऊ द्या. वाचताना दोन रंगांची पेनं घ्या. सरकार पक्षाने जे म्हटलं ते एका रंगात आणि कोर्टाने जे शाबीत धरलं ते दुसऱ्या. शाबीत झालेलं पडद्यावर घडताना दाखवायला हरकत नाही. बाकीचं कुणाच्या तरी तोंडून येऊ द्या, म्हणजे तो त्या माणसाचा दावा राहतो. ही शिस्त पाळली तर निम्मी पटकथा आपोआप सरळ होते.

मग काळ बघा. जोशी-अभ्यंकर प्रकरणातला पहिला खून जानेवारी १९७६ मधला, शेवटचा २३ मार्च १९७७ चा. आणीबाणी उठली २१ मार्चला. म्हणजे शेवटचा सोडून सगळे खून आणीबाणीत झाले, आणि दिवेलागणीला दारं लावून घेणारं ते पुणं त्याच काळातलं. हे वातावरण वगळून गोष्ट सांगता येणार नाही. तंत्राचंही तेच. गुन्ह्याच्या तपासात डीएनएचा पहिला वापर इंग्लंडमध्ये १९८६ साली झाला. तुमच्या १९७७ च्या फौजदाराच्या हातात बोटांचे ठसे आणि रक्तगट, एवढंच येईल. कलमंही तपासा. तेव्हा खुनाला भारतीय दंड संहितेचं ३०२ होतं. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचं १०३ लागतं.

आता पंचनामा. नव्या लेखकांना हा कागद कंटाळवाणा वाटतो. मला विचाराल तर सगळ्यात जास्त नाट्य याच कागदात असतं. पंच बहुतेकदा रस्त्यावरून बोलावलेली साधी माणसं असतात, कुणी दुकानातला नोकर, कुणी शेजारच्या वाड्यातला भाडेकरू. जागेच्या चतुःसीमा लिहिल्या जातात: पूर्वेस काय, पश्चिमेस काय. कपाट उघडं होतं की बंद, दोरीचा तुकडा किती लांब, डाग कोणत्या भिंतीवर. प्रत्येक वस्तू कागदात गुंडाळून, पंचांच्या सह्यांचं लेबल लावून, लाखेने सील होते. शेवटी पंचनामा किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता संपला तेही लिहायचं. काही वर्षांनी तोच पंच साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि बचावाचा वकील विचारतो, "सील तुमच्यासमोर केलं का?" तो क्षणभर थांबतो. त्या थांबण्यावर अख्खा प्रसंग उभा राहतो.

सर्वाधिक चुका कबुलीच्या प्रसंगात होतात. आरोपी पोलीस कोठडीत रडत सगळं सांगतो, पार्श्वसंगीत चढतं, भाग संपतो. पोलिसांपुढे दिलेली ती कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालतच नाही. चालतो तो फक्त त्यातला जेवढ्यामुळे नवी वस्तू सापडली तेवढा भाग. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७ ते हेच. "मी फेकलेली वस्तू दाखवतो," असं आरोपी पंचांसमोर बोलतो, लिहून घेतलं जातं, मग जीप निघते आणि रस्ता तो सांगतो. वस्तू आधीच पोलिसांना माहीत होती असं दिसलं तर सगळं मुसळ केरात. हे जसं घडतं तसं लिहा, संगीत लागणार नाही.

जोशी-अभ्यंकर खटल्यात आरोपींच्या टोळीतलाच एक जण माफीचा साक्षीदार झाला, म्हणजे माफीच्या बदल्यात त्याने साथीदारांविरुद्ध साक्ष दिली. त्याला एकट्याला पकडून गोष्ट पुढे नेऊ नका. अशा साथीदाराच्या जबानीला कोर्ट स्वतंत्र दुजोरा मागतं, आणि तो दुजोरा गोळा करणं म्हणजेच तपास.

नमुना म्हणून 'द पेम्ब्रोकशायर मर्डर्स' ही २०२१ ची तीन भागांची ब्रिटिश मालिका बघा. खून १९८५ आणि १९८९ चे, शिक्षा २०११ साली. जुना मुद्देमाल पुन्हा प्रयोगशाळेत जातो. खऱ्या तपासात बंदुकीवरच्या रंगाखाली रक्ताचा अंश सापडला होता. अहवाल येईपर्यंतची वाट पाहणं हीच त्या मालिकेची गती आहे.

आणि मेलेली माणसं. आपण खटल्याला दोन आडनावांनी ओळखतो, पण खून दहा झाले. हेगडे आणि गोखले या दोन तरुण मुलांची आडनावं त्या नावात नाहीत. अभ्यंकरांकडे कामाला असलेल्या बाईही अभ्यंकर कुटुंबासोबत त्याच रात्री मारल्या गेल्या. त्यांना तर कुणी आठवतही नाही. पहिला खर्डा झाला की मोजा: मारेकऱ्यांना किती पानं मिळाली आणि या दहा जणांना जिवंतपणी किती? चार आरोपींना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. त्यांचं दरारा वाटेल असं चित्र रंगवलंत तर मी तो खर्डा परत करते.

नातेवाईक हयात असतील तर शूटिंगच्या आधी भेटा. नको म्हणाले तर त्यांच्या घरातले खासगी प्रसंग कल्पनेने भरू नका. खरा बंगला, खरी पाटी दाखवू नका. तिथे आज दुसरं कुणी राहत असेल. आणि पहिला प्रोमो कधी दिसणार, ती तारीख त्यांना तुम्ही स्वतः फोन करून कळवा.