संमतीशिवाय मनोरुग्णालयात दाखल करताना: कलम ८९ काय मागतं

‘रात्रभर झोपत नाही, घरच्यांना त्रास देतो’ एवढ्यावर कुणालाही जबरदस्तीने दाखल करता येत नाही. नुसत्या निदानावरही नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ८९ नुसार तीनपैकी एक तरी गोष्ट हल्लीच घडलेली किंवा घडत असलेली लागते: स्वतःला इजा करण्याची धमकी वा प्रयत्न, दुसऱ्याला मारहाण किंवा माराची धास्ती वाटावी असं वागणं, नाहीतर स्वतःची इतकी आबाळ की जिवाला अपाय व्हावा.

म्हणून डॉक्टरांना विशेषणं सांगू नका, प्रसंग सांगा. ‘फार हिंसक झालाय’ याने काही ठरत नाही. ‘सोमवारी रात्री अकरा वाजता विळी घेऊन आईच्या अंगावर धावला, शनिवारपासून जेवलेला नाही’ याने ठरतं. तारीख-वार घालून कागदावर लिहूनच न्या. ऐनवेळी घाबरलेल्या माणसाला आठवत नाही.

अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीने करायचा. रुग्णाने पूर्वी साध्या कागदावर कुणाला नेमलं असेल तर तोच प्रतिनिधी. नसेल तर नातेवाईक. बायको आणि भाऊ यांचं पटत नसेल तर सगळं इथेच अडतं, तेव्हा तो कागद आधी शोधा. उपचारांबद्दल रुग्णाने आगाऊ निर्देश लिहून ठेवला असेल तर तोही सोबत घ्या.

तपासण्या दोन, एकमेकींपासून स्वतंत्र. एक मानसोपचारतज्ज्ञाची, दुसरी मानसिक आरोग्य व्यावसायिकाची (उदा. नोंदणीकृत चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ) किंवा डॉक्टरची. दोन्ही त्याच दिवशीच्या किंवा आधीच्या सात दिवसांतल्या हव्यात. महिन्यापूर्वीची चिठ्ठी चालत नाही. दाखल करण्याहून कमी बंधनाचा उपाय उरलेला नाही आणि रुग्णाला स्वतः निर्णय घेणं जमत नाही, हेही त्यात यावं लागतं.

मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. रुग्णालयाने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (अशा दाखल करण्याची छाननी करणारं, कायद्याने नेमलेलं मंडळ) सात दिवसांत कळवायचं, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. रुग्णाची निर्णयक्षमता दर आठवड्याला तपासायची. पुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञ आणि मंडळाची मंजुरी.

तातडीच्या वेळी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, प्रतिनिधी हजर असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. विजेचा शॉक मात्र देता येत नाही. पोलिसांनी ताब्यात घेतलं तरी कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावं लागतं. साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे, रुग्णालयातसुद्धा.

दाखल झालेल्याला स्वतः मंडळाकडे दाद मागता येते आणि मोफत वकीलही मिळतो. त्याला हे शांतपणे सांगा, आणि मंडळाचा पत्ता त्याच दिवशी लिहून त्याच्याजवळ द्या.