घरी गाडीला पॉलिश आणि सिरॅमिक कोटिंग करताय? या चुका टाळा

कोटिंग फसलं की दोष बाटलीला दिला जातो. पण कारण शोधायला गेलं तर ते बहुतेक वेळा बाटली उघडण्याआधीच घडून गेलेलं असतं. धुणं अर्धवट राहिलेलं असतं, पॉलिश नीट उजेडात न बघता केलेलं असतं, किंवा शेवटचं पुसणं उरकलेलं असतं. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे गाडीच्या रंगावर लावायचा आणि वाळून कडक होणारा संरक्षक थर, पारदर्शक असतं. खालचे ओरखडे ते झाकत नाही, उलट चकाकीमुळे आणखी उठून दाखवतं. आणि एकदा ते पक्कं बसलं की खालचा ओरखडा काढण्यासाठी आधी कोटिंगच घासून काढावं लागतं. म्हणून सलग दोन दिवस मोकळे असतील तरच हे काम हातात घ्या.

स्वच्छ दिसली म्हणजे स्वच्छ झाली, असं धरून चालणं

गाडी शाम्पूने धुवून झाली की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि ओल्या बॉनेटवरून बोटं अलगद फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून चक्क खरखरीत लागतो. ही खरखर म्हणजे ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक. आयर्न रिमूव्हर फवारला की लोखंडाचे कण विरघळतात आणि दरवाज्यांच्या खालच्या भागातून जांभळे ओघळ येतात. हे काम सावलीत, पत्रा गार असतानाच करायचं आणि द्रव वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवायचं.

उरलेली घाण क्लेने, म्हणजे पत्र्यावर फिरवायच्या मातीसारख्या मऊ वडीने, निघते. क्ले फिरवताना पृष्ठभाग सतत ओला आणि निसरडा हवा. क्ले जमिनीवर पडली तर तेवढा तुकडा टाकून द्या. धुतली तरी तिच्यात रुतलेला खडा निघेलच याचा भरवसा नाही, आणि एक खडा अख्ख्या दरवाज्यावर रेघ मारायला पुरतो.

सगळ्यात कडक कंपाउंडने (जास्त घासणाऱ्या पॉलिशने) सुरुवात करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण ती परत भरून काढता येत नाही. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातलाच थोडा भाग झिजतो. म्हणून आधी एकाच जागी, दीड फुटाच्या चौकोनात चाचणी घ्या. मऊ पॅड आणि सौम्य पॉलिश वापरून बघा. पुरेसं झालं नाही तरच एक पायरी वर जा. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने पूर्ण जात नाही. त्याच्या मागे लागून आजूबाजूचा क्लिअर कोट खरवडू नका.

कडा आणि पत्र्याला मुळातच दिलेल्या घड्या इथे रंगाचा थर सगळ्यात पातळ असतो आणि मशीनचा सगळा दाब नेमका तिथेच येतो. तिथे मास्किंग टेप लावाच. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरही लावा, नाहीतर पॉलिश त्यांच्या दाण्यांत शिरून पांढरं पडतं आणि काढता काढता नाकी नऊ येतात.

मशीन डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) प्रकारचंच घ्या, म्हणजे ज्यात पॅड फिरतोही आणि हलतोही. पॅड नुसता गोल फिरवणारं रोटरी मशीन एकाच जागी क्षणभर जास्त थांबलं तरी रंग तापवतं आणि नवख्या हातात हमखास होलोग्राम, म्हणजे उन्हात फिरणाऱ्या चमकत्या रेघा, सोडतं. डीएने काहीच फरक पडत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तेव्हा बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्या चकतीवर बसतो तिच्या, कडेवर मार्करने एक रेघ ओढा आणि मशीन चालू असताना तिच्याकडे लक्ष ठेवा. रेघ फिरताना दिसली नाही तर पॅड नुसता थरथरतोय. तुम्ही जास्त दाबताय किंवा मशीन तिरपं धरलंय. दाब कमी करा, पॅड सपाट ठेवा, हात सावकाश चालवा.

पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. प्रत्येक भाग झाला की पॅड ब्रशने साफ करा, कारण साचलेली पावडरच नवे चरे पाडते. पॅडवर गाडीचा रंग उतरू लागला तर लगेच थांबा. एकतर त्या गाडीवर क्लिअर कोट मुळातच नाही, किंवा तुम्ही तो संपवलाय. कंपाउंडनंतर गडद रंगावर धूसरपणा दिसला तर मात्र घाबरू नका. मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशचा एक हात दिला की तो जातो. प्लास्टिकच्या बंपरवर उष्णता पसरत नाही, साचते, म्हणून तिथे दर थोड्या वेळाने हात लावून बघत जा. मॅट रंगाला तर पॉलिश लावूच नका.

पॉलिशचं तेल तसंच ठेवणं

पॉलिशमधली तेलं बारीक चरे तात्पुरते बुजवतात आणि कोटिंगला रंगावर धरू देत नाहीत. पॅनेल वाइपने (तेल काढणाऱ्या द्रवाने), किंवा पाण्यात पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्रत्येक भाग पुसा आणि लगेच टॉर्च तिरपी धरून बघा. मघाशी गायब झालेले ओरखडे परत दिसले तर ते निघालेच नव्हते. पॉलिशकडे परत जायची हीच शेवटची संधी आहे. कंटाळा करू नका.

कोटिंग वेळेत न पुसणं

एका वेळी दोन फुटांचाच चौकोन घ्या. आधी आडवा, मग उभा हात फिरवा. थोड्या वेळात पाण्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखे रंग उमटतात. ही पुसायची खूण. नेमका वेळ बाटलीवर दिलेला असतो, पण गरम हवेत तो कमी होतो, म्हणून घड्याळापेक्षा पृष्ठभागाकडे बघा. पहिल्या कापडाने जास्तीचं उचला, दुसऱ्या कोरड्या कापडाने एकसारखं करा, आणि टॉर्चची दिशा बदलून तीन-चार कोनांतून तपासा. राहून गेलेला जाड थर गडद, तेलकट डागासारखा दिसतो. तो लगेच लक्षात आला तर त्यावरच ताजं कोटिंग थोडं लावा, काही सेकंद थांबा आणि पुसून घ्या. दुसऱ्या दिवशी दिसला तर तेवढीच जागा पॉलिश करून पुन्हा कोटिंग लावण्यावाचून इलाज नाही.

हातमोजे आणि मास्क घाला, हवा खेळती ठेवा. वापरलेलं कापड धुवून परत घेऊ नका. त्यात वाळलेलं कोटिंग कडक होतं आणि रंगावर ओरखडे काढतं.

गाडी लगेच बाहेर काढणं

पहिले २४ तास पाण्याचा थेंबही लागू देऊ नका आणि साधारण आठवडाभर शाम्पू टाळा. चुकून थेंब पडलेच तर न घासता टिपून घ्या. पाणी वाळलं की त्यातले क्षार मागे राहतात आणि कोवळ्या कोटिंगवर त्यांच्या कड्या उमटतात. बाटलीवरचं ९एच बघून खडीपासून निर्धास्तही होऊ नका. तो आकडा पेन्सिलने ओरखडून घेतलेल्या कठीणपणाच्या चाचणीचा आहे. उडालेला दगड रंगाचा टवका काढायचा तो काढतोच.

काही महिन्यांनी पाणी ओघळेनासं झालं की लोक लगेच दुसरी बाटली मागवतात. आधी शाम्पूने नीट धुवा आणि अर्ध्या बॉनेटवर आयर्न रिमूव्हर मारून बघा. त्या बाजूला पाण्याचे गोल थेंब परत धरू लागले, तर कोटिंग शाबूत आहे, वर फक्त घाण साचली होती.