बातमीत जात कुठे दिसते आणि कुठे लपते: या चुका टाळा

‘पारधी टोळी जेरबंद’ हे शीर्षक मराठी वाचकाच्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात काही खटकण्यासारखे आहे असे त्याला वाटतही नाही. दुसऱ्या एखाद्या समाजाची माणसे दरोड्यात पकडली गेली, तर तीच टोळी ‘आंतरजिल्हा’ किंवा ‘सराईत’ ठरते. याउलट गावातील दलित वस्तीवर हल्ला झाला की ‘दोन गटांत हाणामारी’ असे छापले जाते आणि कोण कोणावर चालून गेले, हे वाचकाला शेवटच्या परिच्छेदात शोधावे लागते. आरोपी वंचित समाजातला असेल तर जात ठळक होते, पीडित त्या समाजातला असेल तर ती पुसट होते. या विषयातील बहुतेक चुका याच एका सवयीतून निपजतात आणि त्या बातमीदार, उपसंपादक व राजकीय कार्यकर्ते असे सगळेच करतात.

पोलिसांची प्रेसनोट जशीच्या तशी उतरवणे

ही सर्वात जुनी चूक आहे. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. त्यानुसार काही जमातींत जन्माला येणे हेच संशयाला पुरेसे कारण ठरले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या, मात्र सराईत गुन्हेगारांविषयीच्या नव्या कायद्यांच्या आडून जुनी नजर पोलीस ठाण्यात टिकून राहिली. प्रेसनोट त्याच ठाण्यात लिहिली जाते. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंगांतील जातिभेदाचे नियम घटनाबाह्य ठरवले, त्याच वेळी विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी पद्धतीने अटक होऊ नये, असेही बजावले. ती याचिका एका महिला पत्रकाराने केली होती आणि तिच्या मुळाशी तिचेच तुरुंगांविषयीचे वार्तांकन होते, ही गोष्ट या व्यवसायातील प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

उपाय सोपा आहे. प्रेसनोटमधील जमातीचे नाव गाळून वाक्य पुन्हा वाचावे. गुन्हा, ठिकाण, मुद्देमाल आणि कलमे यांपैकी काहीही कमी होत नसेल, तर ते नाव बातमीत ठेवू नये. जातीचा उल्लेख एखाद्या समाजाला कमीपणा आणणारा असेल तर तो टाळावा, असे भारतीय प्रेस कौन्सिलचे निकषही सांगतात. ‘पोलिसांनीच तसे लिहून दिले आहे’ हा बचाव पुरेसा नाही, कारण प्रेसनोट पोलिसांची असली तरी शीर्षक आपले असते.

जात हाच मुद्दा असताना ती गाळणे

वरचा नियम आंधळेपणाने पाळणारे नेमके येथे चुकतात. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीचे कित्येक दिवस मोठ्या माध्यमांत तिला जेमतेम जागा मिळाली आणि जी मिळाली तीत ‘अनैतिक संबंधातून हत्याकांड’ हे गावातून आलेले कारण तपासून न पाहता छापले गेले. विदर्भात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी आंदोलनामागे नक्षलवादी असल्याचा संशय बोलून दाखवला. म्हणजे मेलेल्यांच्या चारित्र्यावर आणि रडणाऱ्यांच्या हेतूवर एकाच वेळी प्रश्नचिन्ह लागले. पुढे २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी धरले, परंतु अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणाऱ्या कायद्याची, कलमे टिकली नाहीत. बातमीतून पहिल्या दिवशी गळलेली जात निकालातूनही गळली, असे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही.

‘दोन गट’ हे शब्द लिहिण्यापूर्वी जखमी कोणत्या बाजूचे आहेत, घटना कोणाच्या वस्तीत घडली आणि फिर्याद किती तासांनी नोंदवली गेली, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे एकाच दिशेला जात असतील, तर तो हल्ला आहे आणि त्याला हल्लाच म्हणावे.

आरोपीच्या जातीला पिंजऱ्यात उभे करणे

तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका दलित मुलाचा खून झाला. मराठा मुलीशी बोलल्याच्या रागातून तो झाला, असे फिर्यादीचे म्हणणे होते. जुलै २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डीत एका मराठा मुलीवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली आणि आरोपी दलित होते. नोव्हेंबर २०१७ या एकाच महिन्यात जिल्ह्याच्या न्यायालयाने दोन्ही खटल्यांचे निकाल दिले. खर्ड्याचे साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले. कोपर्डीतील तिघांना फाशीची शिक्षा झाली.

कोपर्डीचा संताप पूर्णपणे रास्त होता, आणि त्याची दखल घेतली गेली यात गैर काहीच नव्हते. दुजाभाव पुढे सुरू झाला. कोपर्डीनंतर निघालेल्या मोर्चांच्या मागण्यांत अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणी आली, वास्तविक त्या गुन्ह्याचा त्या कायद्याशी काडीचाही संबंध नव्हता. खर्ड्याबाबत मात्र आरोपींच्या समाजाकडे कोणी खुलासा मागितला नाही, आणि मागायलाही नको होता. तोच संयम दुसऱ्या बाजूलाही मिळावा, एवढेच म्हणणे आहे. ‘तुमच्या समाजाची भूमिका काय?’ हा प्रश्न एखाद्या कार्यकर्त्यापुढे बूम धरून विचारण्याआधी, आरोपी आपल्या जातीचा असता तर आपण तो आपल्याच नेत्याला विचारला असता का, हे पाहावे. नसता, तर तो वहीतून खोडावा.

आकड्याचा सोयीचा अर्थ

‘अ‍ॅट्रॉसिटीत दोषसिद्धी कमी, म्हणजे तक्रारी खोट्या’ हे विधान चर्चांमध्ये इतक्या सहजतेने येते की सूत्रसंचालक ते थांबवतही नाही. चोरीच्या खटल्यात आरोपी सुटला, तर चोरी झालीच नव्हती असे कोणी म्हणत नाही. तेथे तपास कच्चा होता, साक्षीदार फिरले, पंच आलेच नाहीत, अशी कारणे आपोआप सुचतात. कराडच्या एका प्रकरणातून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी या कायद्याखालील अटकेवर अटी घातल्या. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने त्या सूचना मागे घेतल्या. अनुसूचित जाती-जमातींचे लोक एक वर्ग म्हणून कायद्याचा गैरवापर करतात असे गृहीत धरता येणार नाही, असेही तेव्हा नमूद केले. पहिला निकाल आजही उद्धृत होतो, दुसरा क्वचितच. दोन्हींचा उल्लेख करता येत नसेल, तर एकाचाही करू नये.

एकाच गुन्ह्याला दोन मापे

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागण्यासाठी आलेले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे तशाच अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. अफवा तीच, जमावाची रीतही तीच; दुसऱ्या घटनेनंतर मात्र त्या भागातील आदिवासींची श्रद्धा आणि राजकारण दोन्ही वाहिन्यांवर तपासली गेली, आणि अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, हे सांगण्यासाठी राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांना यादी जाहीर करावी लागली. राईनपाड्याच्या मृतांसाठी असे राष्ट्रीय वादळ उठले नाही, कारण त्यांच्या मरणातून कोणाला मते दिसत नव्हती. जमावहत्येवर पत्रक काढणाऱ्या पक्षाने आपलेच मागील पत्रक आधी काढून पाहावे.

चूक छापून झाली असेल तर

संकेतस्थळावरचे शीर्षक गुपचूप बदलू नये. काय बदलले आणि का, हे बातमीच्या माथ्यावर तारखेसह लिहावे. छापील चुकीची दुरुस्ती मूळ बातमी ज्या पानावर होती त्याच पानावर द्यावी. जमातीच्या नावासह आरोपी म्हणून छापलेली माणसे नंतर सुटली, तर त्या निकालाची बातमी तेवढ्याच आकारात द्यावी आणि जुन्या बातमीला ती जोडावी, कारण त्यांचा शोध घेणाऱ्याला संकेतस्थळावर आधी जुनी बातमीच सापडते आणि त्या आधारावर घर भाड्याने द्यायचे की नाही, हे ठरवणारे लोक प्रत्येक गावात आहेत.