डिजिटल ट्विन शिकायचंय? आधी पाण्याचा उतार काढा

नगररचना, सिव्हिल किंवा भूगोल शिकून जीआयएसकडे, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याच्या तंत्राकडे, वळणारी मुलं मला हमखास विचारतात, "डिजिटल ट्विनसाठी थ्रीडीचं कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" मी सांगते, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर घ्या, ते मोफत आहे, आणि पावसाचं पाणी कुठून कुठे जातं ते काढायला शिका. थ्रीडी नंतर येतंच.

शहराचं देखणं थ्रीडी मॉडेल म्हणजे ट्विन नव्हे. पाऊस, नाल्याची पातळी, वाहतूक, वीजवापर यांचे आकडे त्यात सतत येत राहिले आणि त्यावर पुढचे निर्णय तपासता आले, तर तो ट्विन. इथे काँक्रीट टाकलं तर खालच्या वस्तीत पाणी किती वाढेल? नवी इमारत उठली तर शेजारच्या सौर पॅनेलवर किती वेळ सावली पडेल? हेलसिंकी शहराने आपल्या थ्रीडी मॉडेलला इमारतींच्या ऊर्जावापराची माहिती जोडली आहे, ती जरूर बघा.

आता पाण्याकडे येऊ. उंचीच्या मॉडेलवरून, म्हणजे जमिनीची ठिकठिकाणची उंची नोंदवलेल्या डिजिटल नकाशावरून, प्रवाह काढले की रस्त्याच्या भरावामागे मोठं तळं साचलेलं दिसतं. प्रत्यक्षात तिथे काहीच साचत नाही, कारण भरावाखाली मोरी असते. मोजणी वरून झालेली असल्याने मॉडेलच्या लेखी तो भराव म्हणजे धरणच. मग मोरीची जागा, रुंदी आणि तळाची पातळी नोंदवून प्रवाहाला वाट करून द्यावी लागते. ती मोरी गाळाने निम्मी भरली असेल तर? ते उपग्रहाला दिसत नाही. तिथे जाऊन वाकून बघावं लागतं. या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

उंचीबाबत फार काटेकोर राहा. जीपीएसची मूळ उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, पाणी मात्र जिऑइडच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या सरासरी समुद्रपातळीच्या, हिशेबाने वाहतं. या दोन्हींतला फरक जगभरात सुमारे उणे 106 पासून अधिक 85 मीटरपर्यंत जातो. सपाट शहरात दोन खात्यांचे दोन डेटम, म्हणजे उंची मोजण्याच्या दोन वेगळ्या शून्य पातळ्या, मिसळले, तर नाला कागदावर उलटा वाहू लागतो.

उष्णतेचे नकाशे काढायला सोपे, वाचायला अवघड. लँडसॅट 8 या उपग्रहावरून कळतं ते छपरांचं आणि डांबराचं तापमान, हवेचं नव्हे. शिवाय त्याचा थर्मल पिक्सेल, म्हणजे तापमानाच्या चित्रातला सर्वांत लहान चौकोन, मुळात 100 मीटरचा, तेव्हा एका गल्लीतल्या झाडांचा परिणाम त्यावरून सांगू नका. हिरवाईसाठी सेंटिनेल-2 हा उपग्रह घ्या: 10 मीटरची चित्रं, तीही मोफत.

पोर्टफोलिओत दहा रंगीत नकाशांपेक्षा एका नाल्याचं पाणलोट क्षेत्र नीट तपासून ठेवा. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि पोस्टजीआयएस हा नकाशांच्या माहितीचा डेटाबेस त्यानंतर. सिटीजीएमएल हे शहरांच्या थ्रीडी माहितीचं खुलं मानकही समजून घ्या. वेगवेगळ्या खात्यांची माहिती एकत्र आणताना त्याचा फार उपयोग होतो.