स्लिपर ऑर्किडला ताण देऊ नका

आमच्याकडे दिंडोरीत द्राक्षाला ताण द्यायची सवय. छाटणीआधी पाणी तोडायचं. हाताला तेच वळण, त्यामुळे माझं पहिलं स्लिपर ऑर्किड, म्हणजे चपलेच्या टोकासारखी पिशवी असलेल्या फुलाचं ऑर्किड, पंधरा दिवसांत सुकलं. म्हणून आधी त्याचं रान समजून घ्या.

सह्याद्रीत रानात उगवणारं स्लिपर ऑर्किड एकच, पॅफिओपेडिलम ड्रुरी. तेही पार दक्षिणेला, अगस्त्यमलईच्या डोंगरात, साधारण 1400 ते 1600 मीटरवर. 1865 मध्ये कर्नल ड्रुरींना ते सापडलं आणि पुढे लोकांनी इतकं ओरबाडलं, की संपलंच असं वाटत होतं. पिवळं फूल, मधोमध गडद तपकिरी पट्टा. ते झाडावर चढत नाही. खडकांच्या फटीत, गवताच्या मुळाशी कुजलेल्या काडीकचऱ्यात वाढतं. तिथं पाणी थांबत नाही, पण ओलही सुटत नाही. डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडच्या कांड्यांत पाणी साठतं, याच्याकडे तशी साठवण नाही.

रानातलं रोप कुणी देत असेल तर घेऊ नका. कायद्याने बंदी आहे, आणि डोंगरावर उरलेत तरी किती? परवाना असलेल्या नर्सरीतून, बिल घेऊन, संकरित रोप आणा.

कुंडी लहानच घ्या. त्यात झाडाची बारीक साल, कोळसा, विटांचे तुकडे, थोडं मॉस (शेवाळ). आमच्या बोअरच्या पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि मुळांची टोकं काळी पडतात. मी पत्र्यावरचं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवतो, ते संपलं की आरओचं. पाणी सकाळीच द्या. बोट खुपसून पाहा, आत गार लागलं तर एक दिवस थांबा. पानांच्या पोटात पाणी साचू देऊ नका, जुलैत माझं दुसरं रोप तिथूनच सडलं.

एप्रिल-मे मात्र कठीण. पारा चाळिशीला टेकला की पूर्वेच्या ओट्यावर दुहेरी शेडनेट आणि शेजारी ओलं गोणपाट. निफाडकडची थंडी उतरली की रात्री कुंडी घरात.

फूल आलं की त्याच्या पिशवीत डोकावून पाहा. माशी घसरून आत पडते, गुळगुळीत भिंतीवरून तिला परत चढता येत नाही. मागच्या बाजूला केसांची शिडी असते, तिथून वर येताना पराग तिच्या पाठीला चिकटतो.

फूल गळल्यावर दांडा कापा, पानं ठेवा. फूल येऊन गेलेल्या फुटव्याला परत फूल येत नाही, पण शेजारचा कोवळा फुटवा त्याच्यावरच पोसतो.