ट्रॉलीभर शेणखतात नत्र किती? हिशेब असा करावा

एकरी तीन ट्रॉल्या शेणखत टाकलं, असं आपण सहज सांगतो. त्यातून गव्हाला नत्र किती मिळालं, हे मात्र क्वचितच कुणी सांगू शकतं. धान्यपिकांच्या दीर्घकालीन खत-प्रयोगांत या हिशेबाशिवाय निष्कर्षच काढता येत नाही. इंग्लंडमध्ये रोथमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून गहू घेतला जातो. तिथल्या शेणखताच्या पट्ट्याला हेक्टरी ३५ टन खत मिळतं आणि त्यातून सुमारे २४० किलो नत्र जातं. आपल्याकडे १९७०-७१ पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने असे प्रयोग देशभर सुरू केले. अकोल्यात ते काळ्या जमिनीत, ज्वारी-गहू पीकपद्धतीवर चालतात. हाच हिशेब आपल्या शेतावरही करता येतो.

नमुना घ्या. सगळा हिशेब यावर उभा आहे, म्हणून इथे घाई नको. उकिरड्याचा वरचा थर उन्हाने पांढरट, भुसभुशीत झालेला असतो, आत काळं ओलसर खत असतं आणि तळाशी चिकट गाळ, त्यात खरवडून आलेली माती. एकाच जागेचं घमेलंभर खत म्हणजे नमुना नव्हे. आठ-दहा ठिकाणी फावड्याने आतपर्यंत खणून थोडं थोडं खत काढा, ताडपत्रीवर एकत्र कालवा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. किलोभर उरेपर्यंत हेच करा. नमुना लगेच प्लास्टिक पिशवीत बांधून प्रयोगशाळेत पोचवा. उन्हात वाळवत ठेवलात तर अमोनियाच्या रूपाने नत्र उडून जातं.

अहवाल नीट वाचा. आकडे कोरड्या वजनावर आहेत की ओल्या, हे आधी विचारा. नुसतं फॉस्फरस (P) दिलं असेल तर २.२९ ने गुणून स्फुरद (P₂O₅) काढा, आणि पोटॅशियम (K) असेल तर १.२ ने गुणून पालाश (K₂O). पुस्तकी सरासरीत शेणखतात ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद आणि ०.५ टक्के पालाश धरतात. कोंबडीखत आणि लेंडीखतात नत्र ३ टक्क्यांच्या आसपास, निंबोळी पेंडीत ५ टक्क्यांच्या. ही सरासरी अंदाजापुरतीच धरा. गोठ्यातलं मूत्र खतात मुरतं की वाहून जातं, जनावरांना पेंड मिळते की नुसता कडबा, ढीग सावलीत आहे की पावसात, एवढ्यावर शेणखताचे आकडे बरेच बदलतात.

आता गणित. ट्रॉली वजनकाट्यावर न्या. समजा एका ट्रॉलीत ३ टन, म्हणजे तीन ट्रॉल्यांचे ९ टन. ओलावा ४० टक्के असेल तर कोरडं खत ५.४ टन. अहवालात कोरड्या वजनावर नत्र ०.९, स्फुरद ०.४ आणि पालाश १ टक्का असेल, तर त्या खतात साधारण ४९ किलो नत्र, २२ किलो स्फुरद आणि ५४ किलो पालाश आहे.

बागायती गव्हाची नत्र:स्फुरद:पालाश यांची शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो, म्हणजे एकरी ४८:२४:१६. नत्र तर पुरतंय, असं वाटेल. इथेच फसायला होतं. शेणखतातलं नत्र सेंद्रिय रूपात बांधलेलं असतं. जिवाणू ते हळूहळू मोकळं करतात, त्यामुळे पहिल्या पिकाला साधारण ३० टक्केच मिळतं. स्फुरद ६० ते ७० टक्के आणि पालाश ७० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे हाती आलं नत्र १५ किलो, स्फुरद १३ आणि पालाश ३८.

नत्रात ३३ किलोंची तूट राहिली, ती ७२ किलो युरियाने भरेल. स्फुरदाच्या ११ किलोंसाठी सुमारे ७० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पुरे. पालाश गरजेहून जास्त आहे, तेव्हा त्याच्या गोणीवर पैसे घालू नका. माती परीक्षणाचा अहवाल हाताशी असेल तर हे आकडे त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

खत अर्धवट कुजलेलं, काडीकचऱ्याचं असेल तर हा हिशेब लागू पडत नाही. काडी कुजवताना जिवाणू जमिनीतलंच नत्र वापरतात आणि कोवळं पीक पिवळं पडतं. असं खत आणखी कुजू द्या. चांगलं कुजलेलंही शेतात लहान लहान ढिगांत आठवडाभर उन्हात पडू देऊ नका. पसरलं की त्याच दिवशी कुळवाची पाळी द्या.

उरलेलं नत्र पुढच्या हंगामांत थोडं थोडं सुटत राहतं. ब्रॉडबाल्कच्या शेणखत पट्ट्यात सेंद्रिय कर्ब खत न दिलेल्या पट्ट्याच्या दुपटीहून जास्त झाला, तो वर्षानुवर्षं खत पडत राहिल्यामुळे. म्हणून दर वर्षीचा अहवाल, ट्रॉलीचं वजन आणि टाकल्याची तारीख वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी युरिया किती कमी करता येईल, हे ठरवताना ती वही लागेल.